शीर्षप्रहेलिका : एका महासंख्येची कथा

चातुर्मासातील व्याख्यानांत आणि पर्युषणातील वाचनांत श्रावक-श्राविकांच्या कानांवरून एक वाक्य दरवर्षी जाते : प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे आयुष्य चौऱ्यांशी लाख पूर्वांचे होते. श्रोते श्रद्धेने मान डोलावतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात. ‘पूर्व’ म्हणजे नेमकी किती वर्षे, हा प्रश्न मंडपात क्वचितच विचारला जातो. वास्तविक आपल्या आचार्यांनी याचे उत्तर मोघम ठेवलेले नाही. ते काटेकोर गणिताचे आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाही ते पडताळून पाहता येते.

चौऱ्यांशी लाख वर्षे म्हणजे एक पूर्वांग. चौऱ्यांशी लाख पूर्वांगे म्हणजे एक पूर्व. चौऱ्यांशीचा वर्ग ७०५६. त्यापुढे दहा शून्ये मांडली की एका पूर्वाची वर्षे येतात, म्हणजेच सत्तर लाख छप्पन्न हजार कोटी वर्षे. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य म्हणून जी संख्या येते ती चौऱ्यांशी लाखाचा घन होय : ५९२७०४ आणि त्यापुढे पंधरा शून्ये, एकूण एकवीस अंक. सामान्य मनुष्याची कल्पना येथेच थकते. पण शास्त्रकारांच्या दृष्टीने ही केवळ तिसरी पायरी आहे आणि अशा पायऱ्या अठ्ठावीस आहेत.

अनुयोगद्वारसूत्रात ही परंपरा दिलेली आहे. प्रत्येक पायरीवर आधीच्या संख्येला चौऱ्यांशी लाखांनी गुणावयाचे. नावे जोडीजोडीने येतात. आधी ‘अंग’ जोडलेले नाव, नंतर ते नाव स्वतंत्रपणे. पूर्वांग-पूर्व, त्रुटितांग-त्रुटित, मग अडड, अवव, हुहुक, उत्पल, पद्म, नलिन, अर्थनिपूर, अयुत, नयुत, प्रयुत, चूलिका आणि शेवटी शीर्षप्रहेलिकांग व शीर्षप्रहेलिका. चौदा नावे, प्रत्येकाच्या दोन पायऱ्या, म्हणून अठ्ठावीस. शीर्षप्रहेलिका म्हणजे चौऱ्यांशी लाखाचा अठ्ठाविसावा घात. संख्येने मोजण्याजोग्या काळाची येथे सीमा मानली आहे. त्यापुढचा काळ पल्योपम आणि सागरोपम अशा उपमांनीच सांगावा लागतो.

ही संख्या अंकांत मांडल्यास चौपन्न अंक आणि त्यांच्यापुढे एकशे चाळीस शून्ये, असे एकशे चौऱ्याण्णव अंक होतात. शून्यांपूर्वीचे चौपन्न अंक असे :

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

शून्ये एकशे चाळीसच का, याचे कारण सोपे आहे. चौऱ्यांशी लाखात पाच शून्ये असतात आणि अठ्ठावीस वेळा पाच म्हणजे एकशे चाळीस. उरलेले चौपन्न अंक हे चौऱ्यांशीच्या अठ्ठाविसाव्या घाताचे आहेत.

येथे एक मतभेद नमूद करणे आवश्यक आहे. तो झाकून ठेवण्यात शोभा नाही. ज्योतिष्करंडक या ग्रंथात शीर्षप्रहेलिकेपर्यंतच्या पायऱ्या अठ्ठावीस नसून छत्तीस आहेत. त्यामुळे तेथील शीर्षप्रहेलिका दोनशे पन्नास अंकांची होते. सत्तर अंक आणि एकशे ऐंशी शून्ये. एकाच नावाच्या दोन संख्या, आणि त्यांत छप्पन्न अंकांचा फरक! टीकाकार आचार्य मलयगिरींनी या विसंगतीचा उलगडा मोठ्या समंजसपणे केला आहे. दुष्काळात स्मरणपरंपरा खंडित झाली, त्यानंतर मथुरा व वलभी अशा दोन ठिकाणी वाचना झाल्या आणि दोन्हींच्या पाठांत अंतर पडले. अनुयोगद्वार माथुरी वाचनेला अनुसरते, ज्योतिष्करंडक वालभी वाचनेला. म्हणून शंका घेण्याचे कारण नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. दिगंबर परंपरेत आचार्य यतिवृषभांच्या तिलोयपण्णत्तीत अशाच मालिकेच्या शेवटी ‘अचलात्म’ ही संख्या येते. तेथे गुणाकार आलटून पालटून चौऱ्यांशी आणि चौऱ्यांशी लाख यांनी होत असल्यामुळे शून्ये नव्वद आणि एकूण अंक दीडशे आहेत. पाठ भिन्न असले तरी तिन्ही ठिकाणी चौऱ्यांशी हा आधार कायम आहे. जीवयोनींची चौऱ्यांशी लाख ही संख्या तर प्रतिक्रमणात ‘सात लाख’ सूत्र म्हणणाऱ्या लहान मुलांनाही पाठ असते.

आता या संख्येच्या अंतरंगाकडे वळू. चौऱ्यांशी लाखाचे मूळ अवयव पाडले तर सात वेळा दोन, एकदा तीन, पाच वेळा पाच आणि एकदा सात असे येतात. अठ्ठाविसाव्या घातात हे सर्व अठ्ठावीस पटींनी वाढतात. म्हणून शीर्षप्रहेलिकेत दोन हा अवयव १९६ वेळा, तीन २८ वेळा, पाच १४० वेळा आणि सात २८ वेळा येतो. सातापेक्षा मोठी एकही मूळसंख्या तिच्यात नाही. एकशे चौऱ्याण्णव अंकांची संख्या, आणि तिची घडण अवघ्या चार लहान अंकांची! तिला निःशेष भागणाऱ्या संख्या किती, याचाही हिशेब मांडता येतो. १९७, २९, १४१ आणि २९ यांचा गुणाकार केला की २,३३,६०,४५७ हे उत्तर येते. ते विषम आहे, आणि तसे असणे भागच आहे, कारण ज्या संख्येच्या विभाजकांची संख्या विषम ती पूर्ण वर्गसंख्या असते. शीर्षप्रहेलिका ही पूर्वांगापासून सुरू होणाऱ्या मालिकेतील चौदाव्या पायरीचा, म्हणजे नलिनांगाच्या आधीच्या ‘पद्म’ या संख्येचा वर्ग होय. तशा मोजल्यास पद्म ही बरोबर चौदावी येते.

चौऱ्यांशी आणि अठ्ठावीस यांचे नातेही पाहण्यासारखे आहे. एक ते सात या अंकांची बेरीज अठ्ठावीस. एक, तीन, सहा, दहा, पंधरा, एकवीस, अठ्ठावीस या बेरजांची पुन्हा बेरीज केली की चौऱ्यांशी. शिवाय अठ्ठाविसाला भागणाऱ्या लहान संख्या १, २, ४, ७ आणि १४ यांची बेरीज पुन्हा अठ्ठावीसच होते. अशा संख्येला गणितात पूर्णसंख्या किंवा परिपूर्ण संख्या म्हणतात. हे सर्व योजून केले होते असा दावा कोणी करू नये. पण जे आहे ते आहे.

एखादी संख्या दोनाने किती वेळा निःशेष भागली जाते, हा प्रश्न आज नवा वाटेल. आगमांत तो जुना आहे. अनुयोगद्वारात मनुष्यांच्या जघन्य संख्येचा विचार करताना एकोणतीस अंकांची एक संख्या सांगितली आहे आणि ती शहाण्णव वेळा अर्धी करता येते, अशी तिची ओळख दिली आहे. दोनाचा शहाण्णवावा घात काढला की खरोखरच एकोणतीस अंक येतात : ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. एवढी मोठी संख्या अंक न मांडता केवळ ‘किती वेळा अर्धी होते’ एवढ्यावरून निश्चित करणे, ही कल्पकता असामान्य म्हटली पाहिजे. याच कसोटीने शीर्षप्रहेलिका एकशे शहाण्णव वेळा अर्धी होते.

आचार्य वीरसेनांनी इ. स. ८१६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या धवला टीकेत या कल्पनेला ‘अर्धच्छेद’ असे नाव आहे आणि तिचे नियमही आहेत. दोन संख्यांचा गुणाकार केला तर त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते. भागाकारात वजाबाकी होते. तीनाने भागण्याला त्रिकच्छेद आणि चाराने भागण्याला चतुर्थच्छेद. महाविद्यालयात ज्यांनी लॉगॅरिदमची कोष्टके हाताळली आहेत त्यांना हे नियम ओळखीचे वाटतील. युरोपात नेपियरने आपली कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. अर्थात नेपियरने दशांशांसह कोष्टके रचून जे व्यवहारोपयोगी साधन दिले ते धवलेत नाही. मूळ नियम मात्र धवलेत आहेत.

हे नियम जगाला कळले ते आपल्या शेजारच्या अमरावतीवरून, ही गोष्ट वऱ्हाडातील नव्या पिढीला ठाऊक असलेली दिसत नाही. धवलेच्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्री येथे शतकानुशतके जपलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे, वाचन मिळत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी कानडी लिपीतील या प्रतींच्या देवनागरी नकला तयार झाल्या आणि हळूहळू बाहेर आल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी त्यांच्या संपादनाचे काम शिरावर घेतले. हिंदी अनुवादासह षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. जे ग्रंथ वाचण्यासाठी नव्हे तर पूजण्यासाठीच आहेत असा समज होता, ते छापावेत की नाही याविषयी समाजात त्या काळी मतभेद होते. डॉ. जैन आणि त्यांचे सहकारी पंडित मागे हटले नाहीत. पुढे ते नागपूरला गेले, तरी काम थांबले नाही. १९४२ च्या चौथ्या खंडासाठी लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ प्रा. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर निबंध लिहिला आणि अर्धच्छेदाचे महत्त्व प्रथमच गणिताच्या अभ्यासकांसमोर आले. हे खंड निघाले नसते तर वीरसेनांचे गणित आजही वेष्टनात बांधलेले राहिले असते. तिलोयपण्णत्तीचे दोन भागही डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९४३ आणि १९५१ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केले.

मोठ्या संख्येला एक धोका नेहमी असतो : नकलेत चूक होण्याचा. चौपन्न अंकांत एखादा अंक बदलला तर तो डोळ्यांना दिसत नाही. हस्तपत्रिकेत किंवा फलकावर ही संख्या छापताना कोणी ती पुन्हा मोजून पाहतो, असा अनुभव नाही. व्यापारी समाजाला यावरचा उपाय परका नसावा. तेरीज जुळत नसेल आणि फरकाच्या रकमेला नवाने भाग जात असेल, तर जुना मुनीम लगेच ओळखे की कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे. ५४ चे ४५ झाले आहेत किंवा ७२० चे २७०. संख्येतील अंक कसेही फिरवले तरी फरक नवाच्याच पटीत पडतो. शीर्षप्रहेलिकेच्या अंकांची बेरीज २५२ येते आणि तिला नवाने भाग जातो. तो गेलाच पाहिजे, कारण चौऱ्यांशीत तीन हा अवयव आहे. छापील संख्येत ही बेरीज २५२ आली नाही, तर चूक नक्की समजावी.

पण केवळ ही कसोटी पुरेशी नाही. शेजारचे दोन अंक उलटे पडले तर बेरीज बदलत नाही. शून्याच्या जागी नऊ पडले तर नवाचा भाग पूर्ववत जातो, आणि या चौपन्न अंकांत शून्ये सहा व नऊही सहा आहेत! त्यासाठी अकराची कसोटी लावावी. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांचे अंक मिळवल्यास १३८ येतात. सम स्थानांचे ११४. ही दोन्ही उत्तरे जुळली तर शेजारच्या अंकांची अदलाबदल झालेली नाही, हे समजते. वर दिलेल्या ओळीवर वाचकांनी हा प्रयोग अवश्य करावा. दहा मिनिटे लागतात.

अंकांच्या बेरजेचा हा विषय निघाला की महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये बी. एस्सी. ही पदवी. नंतर १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शिक्षक होते. गणितातील उच्च पदवी त्यांच्याजवळ नव्हती. संशोधनाच्या लहान पुस्तिका ते स्वतःच छापून घेत. अनेक विद्वानांना हे काम पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. त्यांचे निधन १९८६ मध्ये झाले.

कापरेकरांचे नाव ६१७४ या संख्येशी कायमचे जोडले गेले आहे. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तिचा गुण सांगितला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ हाती येते आणि तेथून पुढे हलत नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष १९७४ घेऊन पाहू. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पाच पायऱ्यांत मुक्काम आला. प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो, आणि त्याचे कारण मुनिमाच्या तेरजेतील कारणच आहे.

कापरेकरांनी संख्यांच्या आणखी एका जातीला ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ ८४ च्या अंकांची बेरीज १२, आणि बारा साते चौऱ्यांशी. ६१७४ हीही हर्षद आहे; तिची बेरीज १८ आणि भागाकार ३४३. मग शीर्षप्रहेलिका हर्षद आहे काय? तिच्या अंकांची बेरीज २५२. म्हणजे चौऱ्यांशीची तिप्पट आणि अठ्ठाविसाची नऊपट. २५२ चे अवयव दोन दोन, तीन तीन आणि सात, आणि हे सर्व शीर्षप्रहेलिकेत भरपूर आहेत. भाग निःशेष जातो. शीर्षप्रहेलिका हर्षद संख्या आहे. एवढेच नव्हे, ६१७४ चे अवयवही दोन, तीन आणि सात हेच असल्यामुळे कापरेकरांच्या या संख्येनेही शीर्षप्रहेलिका निःशेष भागली जाते.

यात चमत्कार किती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चौपन्न अंकांची सरासरी बेरीज २४३ च्या आसपास पडते आणि ती नवाच्या पटीत असणे ठरलेलेच होते. २४३ आली असती तरी संख्या हर्षद ठरली असती. २६१ आली असती तर ठरली नसती, कारण २६१ मध्ये एकोणतीस हा अवयव आहे. म्हणजे थोडा नियम आणि थोडा योगायोग. तरीही बेरजेत नेमके चौऱ्यांशी आणि अठ्ठावीस हे दोन्ही आकडे सापडावेत, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

कापरेकरांच्या कितीतरी आधी अंकांच्या या सौंदर्याकडे पाहणारे एक जैन गणिती होऊन गेले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला. त्या वेळी विदर्भही राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. एकपासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे त्यांनी दिली आहेत. त्यांच्या ग्रंथात गुणाकाराच्या उदाहरणांतून हारासारख्या संख्या निघतात. दोन्ही बाजूंनी सारख्या वाचता येणाऱ्या. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे आठ वेळा एक. १४२८५७१४३ गुणिले ७ म्हणजे दोन्ही टोकांना एक आणि मध्ये आठ शून्ये. आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे १२३४५६५४३२१. हा शेवटचा हार म्हणजे सहा वेळा एक लिहून होणाऱ्या ११११११ या सहा अंकी संख्येचा वर्ग होय. कापरेकरांनी अशाच संख्यांचा अभ्यास करून त्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती आणि त्या जागेच्या नावावरून हे नाव पडले. अकराशे वर्षांच्या अंतराने दोघे एकाच संख्येपाशी येऊन थांबले. गणितसारसंग्रह १९१२ मध्ये रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह मद्रासला छापला गेला होता. १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो सोलापूरहून निघाला.

जगातील इतर मोठ्या संख्यांशी तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. आर्किमिडीजने विश्व वाळूने भरले तर किती कण लागतील याचा अंदाज करताना चौसष्ट अंकी संख्या गाठली. एकावर शंभर शून्ये या संख्येला ‘गूगोल’ हे नाव अमेरिकन गणिती कॅसनर यांच्या नात्यातील एका लहान मुलाने दिले आणि १९४० च्या पुस्तकाने ते रूढ झाले. शीर्षप्रहेलिका या दोहोंपेक्षा मोठी आहे. पण आकाराची स्पर्धा आपल्या आचार्यांनी लावली नव्हती. शीर्षप्रहेलिकेनंतरही त्यांनी संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद केले आणि त्यांचे एकवीस पोटभेद मांडले. मोहरीच्या दाण्यांनी भरलेल्या अनवस्था, शलाका, प्रतिशलाका व महाशलाका या पल्यांचे वर्णन त्यासाठीच येते. त्या मोजमापात एकशे चौऱ्याण्णव अंकांची ही संख्या अजून ‘संख्यात’ या पहिल्या वर्गातच, आणि उत्कृष्ट संख्यातापासून फार दूर, उभी आहे.